एमआरआय: डोळ्यांनी वाचायचा की आकड्यांत मोजायचा?

रक्ताचा रिपोर्ट आकड्यांत येतो. हिमोग्लोबिन ११.२, क्रिएटिनिन ०.९, आणि नॉर्मल किती असावं तेही शेजारी छापलेलं. एमआरआयचा रिपोर्ट मात्र शब्दांत येतो: 'माइल्ड डिफ्यूज डिस्क बल्ज', 'मॉडरेट कॅनाल स्टेनोसिस', 'एज रिलेटेड ॲट्रोफी'. कोट्यवधी रुपयांचं यंत्र, अर्धा तास त्या बोगद्यात निपचित पडून राहायचं, आणि शेवटी हातात पडतं ते 'माइल्ड'. माइल्ड म्हणजे किती? मागच्या वर्षीही माइल्डच होतं, मग औषधाने फरक पडला की नाही?

पेशंटचा हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला नीट उत्तरही आहे. एमआरआय समजून घ्यायच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत तज्ज्ञ डॉक्टर चित्र पाहतो आणि काय दिसलं ते शब्दांत सांगतो. हे गुणात्मक वाचन. दुसरीत यंत्राकडून एखादी गोष्ट थेट मोजून घेतली जाते: यकृतात चरबी किती टक्के, हृदयाच्या स्नायूत लोह किती, गाठीचं आकारमान किती. ही संख्यात्मक मोजणी. आकडा म्हटला की तो शास्त्रीय आणि शब्द म्हटला की तो अंदाज, असं आपण सहज धरून चालतो. एमआरआयच्या बाबतीत हे खरं नाही. दोन्ही पद्धती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि चुकीच्या प्रश्नाला चुकीची पद्धत लावली तर दोन्ही सारख्याच फसवतात.

मुळात एमआरआयच्या चित्राला आकडा का नसतो, इथून सुरुवात करू.

आपल्या शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजनचे अणू ठासून भरलेले आहेत. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं एकक) चुंबकात गेल्यावर या अणूंची केंद्रकं सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा गिरक्या घेतात. तेवढ्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली की ती ऊर्जा शोषतात आणि लहर थांबल्यावर सिग्नल देत देत हळूहळू मूळ स्थितीला येतात. मूळ स्थितीला यायला लागणारा एक काळ म्हणजे टी-वन, आणि सिग्नल विझायला लागणारा काळ म्हणजे टी-टू. पाणी, चरबी, मेंदूचा करडा भाग, पांढरा भाग, प्रत्येकाचे हे काळ वेगळे असतात. त्या फरकातूनच चित्र उमटतं.

पण चित्रातला एखादा ठिपका किती उजळ दिसेल, हे फक्त त्या पेशीजालावर ठरत नाही. सिग्नल पकडणारी कॉइल शरीरापासून किती लांब आहे, यंत्राने सिग्नल किती पट वाढवला, तंत्रज्ञाने कोणते सेटिंग निवडले, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. त्यामुळे एकाच माणसाच्या मेंदूतल्या एकाच जागेची उजळता एका यंत्रावर ४०० येईल, तर दुसऱ्यावर १२००. त्या आकड्याला एककच नाही. शिवाय पडद्यावर माउस ओढून चित्र हवं तसं उजळ किंवा गडद करता येतं, ते वेगळंच.

सिटी स्कॅनचं तसं नाही. तिथे गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाचं माप आहे: पाणी शून्य, हवा उणे १०००. सांगलीतल्या सिटी स्कॅनवर पाणी शून्यच्या आसपास येतं आणि लंडनमधल्या सिटी स्कॅनवरही. एमआरआयच्या नेहमीच्या चित्राला असा सार्वत्रिक शून्य नाही.

आणि तरीही एमआरआयची सुरुवात झाली होती आकड्यानेच. १९७१ साली रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या गाठींचे टी-वन आणि टी-टू मोजले आणि ते निरोगी पेशीजालापेक्षा लांब असतात असं दाखवलं. त्यात चित्र नव्हतंच, निव्वळ मिलिसेकंदांचे आकडे होते. मग १९७३ मध्ये पॉल लाउटरबर यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची प्रतिमा छापली आणि सगळ्या जगाचं लक्ष चित्राकडे वळलं. ते योग्यच झालं. मेंदूच्या आत इतकं स्पष्ट पाहता येतंय म्हटल्यावर मिलिसेकंद मोजत बसायला वेळ कुणाला होता? आता पन्नास वर्षांनी मोजणी पुन्हा परत येते आहे.

चित्र वाचणं म्हणजे काय, ते आधी पाहू. याला अंदाजपंचे म्हणणं हा रेडिऑलॉजिस्टवर अन्याय आहे. तो काळ्या-पांढऱ्या छटा स्वतंत्रपणे पाहत नाही, तुलना करतो. टी-वन चित्रात मेंदूभोवतालचं पाणी काळं दिसतं, टी-टूमध्ये पांढरं. फ्लेअर नावाच्या चित्रात ते पाणी मुद्दाम दाबून काळं केलेलं असतं, म्हणजे त्याच्या शेजारचा डाग लपत नाही. डावीकडे दिसतंय ते उजवीकडे आहे का? जागा कोणती? कडा कशा आहेत? शेजारच्या भागाला ढकललंय का? डाय (काही भाग उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर काय झालं? अशा दहा प्रश्नांची उत्तरं जुळली की निदान ठरतं.

आपल्याकडचंच उदाहरण घेतो, कारण भारतात ते नेहमी पाहायला मिळतं. एखाद्या तरुणाला अचानक फिट येते. एमआरआयमध्ये डाय दिल्यावर मेंदूत कडेने चमकणारी एक छोटी गोल गाठ दिसते. हा टीबी असेल, किंवा फीतकृमीच्या अळीचा कोश. दोन्ही आजार आपल्याकडे आहेत आणि दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे. अशा वेळी रेडिऑलॉजिस्ट त्या गोलाच्या आत डोळ्यांत तेल घालून एक बारीकसं टिंब शोधतो. ते टिंब म्हणजे अळीचं डोकं. दिसलं, तर प्रश्न मिटला. त्या क्षणी गाठीचं आकारमान ०.४ घनसेंटिमीटर आहे की ०.६, याने काही बिघडत नाही. डॉक्टरला हवं असतं 'काय आहे' याचं उत्तर, आणि ते आकारात, जागेत, त्या एका टिंबात असतं. कुठल्याही सरासरीत ते टिंब पुसूनच जाईल.

मणक्यात नसांचा गुच्छ दाबला गेलाय का, गुडघ्यातला लिगामेंट तुटलाय का, मेंदूच्या आवरणाला सूज आहे का, हेसुद्धा मुख्यतः डोळ्यांचं काम. आणि अनपेक्षित गोष्ट सापडते तीही डोळ्यांनाच. कंबरेच्या एमआरआयच्या कोपऱ्यात मूत्रपिंडावरची गाठ दिसली, तर ती माणसाला दिसते. मणक्यांमधल्या गादीची, म्हणजे डिस्कची, उंची मोजायला सांगितलेलं सॉफ्टवेअर गादीची उंचीच मोजून देईल.

मग अडतं कुठे? अडतं ते दोन ठिकाणी: दोन माणसांनी तेच चित्र पाहिलं की, आणि एकाच पेशंटचं चित्र काही काळाने पुन्हा काढून पाहिलं की.

पहिल्याचा एक पुरावा अमेरिकेतला आहे, २०१७ साली छापून आलेला. पाठदुखी आणि पायात कळा असलेल्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा तीन आठवड्यांत न्यूयॉर्क परिसरातल्या १० वेगवेगळ्या केंद्रांवर कंबरेचा एमआरआय केला गेला. दहा रिपोर्ट मिळून ४९ वेगवेगळे दोष लिहिलेले निघाले. त्यातला एकही दोष दहाच्या दहा रिपोर्टांत नव्हता. जवळजवळ एक तृतीयांश दोष तर फक्त एकेका रिपोर्टातच होते. बाई एक, कंबर एक, महिनाही तोच. ऑपरेशन करायचं की नाही हे अशा कागदावर ठरत असेल, तर काळजी वाटायलाच हवी.

यावर निघालेली पहिली वाट म्हणजे श्रेणी. शब्दांना पायऱ्या बांधून द्यायच्या आणि प्रत्येक पायरीची व्याख्या लिहून ठेवायची. मेंदूतल्या पांढऱ्या डागांसाठी १९८७ पासूनची फाझेकास श्रेणी आहे, ० ते ३. गादीच्या झिजेसाठी फिरमान श्रेणी, १ ते ५. प्रोस्टेटसाठी पाय-रॅड्स, तीही १ ते ५. रिपोर्टात 'फाझेकास १' लिहिलेलं असेल तर ते नुसत्या 'माइल्ड'पेक्षा केव्हाही बरं, कारण दुसऱ्या डॉक्टरला नेमकं काय म्हणायचं आहे ते कळतं. मात्र ही मोजणी नव्हे. श्रेणी २ म्हणजे श्रेणी १ च्या दुप्पट नसतं. आणि एका पायरीच्या आत आजार बराच वाढला तरी श्रेणी तीच राहते.

(गादीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. काहीही त्रास नसलेल्या माणसांचे एमआरआय पाहिले तर विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांत डिस्क बल्ज, म्हणजे गादी बाहेर फुगलेली, सापडतो. त्यामुळे रिपोर्टातला शब्द वाचून 'गादी सरकली' म्हणत हबकून जाऊ नका. दुखणं आणि चित्र जुळतंय का, हे तपासणाऱ्या डॉक्टरनेच ठरवायचं.)

आता त्या आजाराकडे येतो, जिथे आकड्याने खरोखर माणसं वाचवली आहेत. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयार न होण्याचा आनुवंशिक आजार. महाराष्ट्रात तो दूरचा नाही. सिंधी, लोहाणा, कच्छी समाजांत याचे वाहक जास्त आढळतात, त्यामुळे उल्हासनगर आणि मुंबईतल्या अनेक घरांना तो पक्का ठाऊक आहे. या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. शरीर मात्र दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकतं. उरलेलं साठत जातं: यकृतात, ग्रंथींमध्ये, आणि सर्वांत घातक म्हणजे हृदयाच्या स्नायूत. पूर्वी या मुलांचे मृत्यू प्रामुख्याने हृदय निकामी होऊनच व्हायचे.

हृदयातलं लोह ओळखायचं कसं? टूडी एकोवर हृदय बराच काळ ठणठणीत दिसतं. पंपिंग कमी झालेलं दिसू लागतं तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. रक्तातलं फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन) पाहतात, ते पाहायलाच हवं, पण त्यावरून हृदयाचा भरवसा देता येत नाही. 'डॉक्टर, फेरिटिन तर कमी आलंय, मग एमआरआय कशाला?' असं आई-वडील विचारतात ते साहजिक आहे. उत्तर असं की यकृत आणि हृदय आपापल्या गतीने लोह साठवतात आणि आपापल्या गतीने सोडतात. यकृत बऱ्यापैकी स्वच्छ आणि हृदय लोहाने भरलेलं, असं घडतं.

२००१ मध्ये लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी याला मार्ग काढला. साठलेलं लोह आपल्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं, त्यामुळे तिथला सिग्नल लवकर विझतो. तो विझण्याचा काळ म्हणजे टी-टू-स्टार. तोच मोजायचा.

कसा मोजतात ते जवळून पाहू. पेशंटला एकदाच श्वास रोखायला सांगतात. तेवढ्यात हृदयाच्या एकाच कापाची आठेक चित्रं घेतली जातात: पहिलं रेडिओलहरीनंतर साधारण २ मिलिसेकंदांनी, मग थोडं थोडं उशिरा, शेवटचं १८ च्या आसपास. पुढच्या प्रत्येक चित्रात हृदय जरा जास्त काळवंडत जातं. समजा एका मुलाचा टी-टू-स्टार ३५ मिलिसेकंद आहे आणि दुसऱ्याचा ८. सुरुवातीच्या सिग्नलला १०० धरलं, तर २ मिलिसेकंदांनी पहिल्याचा सिग्नल ९४ राहतो, दुसऱ्याचा ७८. नुसत्या नजरेला हा फरक जेमतेम जाणवेल. १० मिलिसेकंदांनी पहिला ७५ वर, दुसरा २९ वर. १८ ला पहिला ६० वर, आणि दुसरा जेमतेम १० वर. हे बिंदू आलेखावर मांडून त्यांतून वक्ररेषा काढली की विझण्याचा वेग कळतो. कॉइल लांब असो की जवळ, यंत्राने सिग्नल दुप्पट केलेला असो की चौपट, सगळ्या बिंदूंवर त्याचा परिणाम सारखाच होतो, म्हणून उताराची घसरण बदलत नाही. उजळतेला एकक नव्हतं, घसरणीच्या काळाला आहे. संख्यात्मक एमआरआयची सारी करामत या एका गोष्टीत आहे.

आकडा वाचताना एक ध्यानात ठेवायचं: इथे आकडा कमी म्हणजे लोह जास्त. १.५ टेस्लाच्या यंत्रावर २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर हृदय सुरक्षित मानतात. २० च्या खाली आला तर लोह साठतंय, आणि १० च्या खाली म्हणजे धोका दारात. ६५२ थॅलेसेमिया रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. त्यात स्कॅननंतर वर्षभरात ज्यांचं हृदय निकामी झालं, त्यांच्या ९८ टक्के स्कॅनमध्ये टी-टू-स्टार १० च्या खाली होता. अशा रुग्णाचं लोह काढणारं औषध तातडीने वाढवता येतं, बदलता येतं किंवा दोन औषधं एकत्र देता येतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजून ते लागू पडतंय का ते पाहता येतं. ब्रिटनमध्ये ही तपासणी रुळल्यावर थॅलेसेमियात लोहाने होणारे मृत्यू दर हजार रुग्ण-वर्षांमागे ७.९ वरून २.३ वर आले. श्रेय एकट्या स्कॅनचं नाही, औषधंही सुधारली. पण औषध कुणाला, किती आणि कधी, हे या आकड्याने दाखवलं. 'माइल्ड' किंवा 'मॉडरेट' म्हणून हे साधलं नसतं, कारण डोळ्यांना तिथे काहीच वावगं दिसत नव्हतं.

मात्र हाच आकडा निष्काळजीपणे काढला तर जिवावर बेतेल. लोह खूपच जास्त असेल तर सिग्नल तिसऱ्या-चौथ्या चित्रातच संपतो. पुढच्या चित्रांत उरते ती यंत्राची नुसती खरखर, आणि ती सपाट असते, खाली उतरत नाही. सॉफ्टवेअरने ते बिंदूही हिशेबात धरले, तर रेषा वर उचलली जाते आणि टी-टू-स्टार आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणजे ज्या मुलाला सर्वांत जास्त धोका, त्याच्याच बाबतीत खोटा दिलासा. अनुभवी माणूस रेषा पाहतो, खरखरीचे बिंदू गाळतो आणि मग आकडा लिहितो. मोजणीची जागाही तशीच ठरलेली असते: दोन्ही कप्प्यांमधला पडदा. बाहेरच्या भिंतीशी फुप्फुसातली हवा असते, आणि लोह नसतानाही ती हवा तिथला सिग्नल विझवते. शिवाय २० ही सीमा १.५ टेस्लाची आहे, ३ टेस्लाच्या यंत्रावर तोच माणूस कमी आकडा देतो. म्हणून रिपोर्टात कोणत्या यंत्रावर मोजलं ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा अर्धवट आहे. चित्र पाहता येणारा माणूस मागे उभा असला तरच आकडा कामाचा, असं मी म्हणतो ते यासाठी.

यकृतातल्या चरबीची गोष्ट अधिक घरोघरी पोचलेली आहे. सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' न ऐकलेलं कुटुंब आता शोधावं लागेल. सोनोग्राफीत डॉक्टर यकृत मूत्रपिंडापेक्षा किती उजळ दिसतंय ते पाहतो, आणि चरबी थोडी असेल तर ती नजरेतून निसटते. एमआरआयवर ती टक्क्यांत मोजता येते. चरबीतली आणि पाण्यातली हायड्रोजन केंद्रकं किंचित वेगळ्या वेगाने फिरतात. १.५ टेस्लावर साधारण दर २.३ मिलिसेकंदांनी ती एकदा एकमेकांच्या विरुद्ध येतात आणि एकदा जुळतात. विरुद्ध असताना सिग्नल एकमेकांना खोडतात, जुळल्यावर बेरीज होते. या दोन चित्रांवरून पाणी आणि चरबी वेगळी काढायची युक्ती थॉमस डिक्सन यांनी १९८४ मध्ये सांगितली. आजची तंत्रं त्याहून काटेकोर आहेत, पण पाया तोच. चरबी सुमारे ५ टक्क्यांच्या वर गेली की फॅटी लिव्हर म्हणतात.

गावच्या दूध संकलन केंद्रावर दूध दाट दिसतं म्हणून कुणी दर देत नाही, फॅट लावून देतात. आणि नमुना घ्यायच्या आधी कॅन ढवळलं नाही, तर वरच्या सायीने आकडा फुगतो. यकृताचंही हुबेहूब तसंच आहे. चरबी सगळीकडे सारखी पसरलेली नसते, म्हणून एकाच कोपऱ्यात गोल काढून मोजलं तर आकडा चुकतो. वेगवेगळ्या भागांत, मोठ्या रक्तवाहिन्या टाळून मोजायचं आणि मग सरासरी काढायची. १४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलेल्या माणसाला आपलं चालणं आणि खाण्यावरचा ताबा फळाला आला हे कळतं. 'ग्रेड वन' वरून पुन्हा 'ग्रेड वन' लिहिलं तर बिचारा हिरमुसतो.

पक्षाघाताच्या तपासणीत दोन्ही पद्धती खांद्याला खांदा लावून चालतात. झटका आल्यावर मेंदूच्या पेशी फुगतात आणि पाण्याच्या रेणूंची हालचाल कोंडते. डिफ्यूजन चित्रात तो भाग पांढराशुभ्र चमकतो, साध्या सिटी स्कॅनवर काही दिसायच्या कितीतरी आधी. पण याच चित्रावर जुना डागही कधी कधी चमकतो, कारण त्याचा टी-टू लांब असतो आणि ती चमक या चित्रात झिरपते. डोळा फसतो. म्हणून सोबत एडीसी नावाचा नकाशा काढतात. त्यात प्रत्येक ठिपका म्हणजे पाण्याची हालचाल किती, याचा आकडा. ताज्या झटक्यात तो आकडा पडतो, जुन्या डागात पडत नाही. चित्राने जागा दाखवायची, आकड्याने वय सांगायचं.

मग सगळंच मोजत का नाहीत? कारण मोजणीला स्वतःचा डळमळीतपणा असतो. तोच माणूस यंत्रातून उतरवून दहा मिनिटांनी परत आत घातला तर आकडा थोडा वेगळा येतो. उत्तर अमेरिकेतल्या रेडिऑलॉजी संस्थेने २००७ मध्ये सुरू केलेल्या एका उपक्रमात तज्ज्ञांनी बसून हेच ठरवलं: किती फरक पडला म्हणजे तो खरा मानायचा? एडीसीसाठी उत्तर आलं, मेंदूत किमान ११ टक्के, यकृतात २६ टक्के, प्रोस्टेटमध्ये तब्बल ४७ टक्के. यकृताचा ताठरपणा मोजणाऱ्या एमआरआयसाठी १९ टक्के. याहून कमी फरक असेल तर आजार बदलला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणजे प्रोस्टेटच्या गाठीचा एडीसी २० टक्के वाढला म्हणून पेढे वाटायचे नाहीत, आणि तेवढाच घटला म्हणून हातपायही गाळायचे नाहीत. दशांश चिन्हानंतर दोन आकडे छापलेले दिसले की आपला चटकन विश्वास बसतो. तो अचूकपणा छपाईचा असतो, मोजणीचा असेलच असं नाही.

मेंदूचं आकारमान तर याहून नाजूक. निरोगी प्रौढ माणसाचा मेंदू वर्षाला एका टक्क्याहूनही कमी आकसतो. आणि १६ तास पाणी प्यायलं नाही तर तो सुमारे अर्धा टक्का लहान मोजला जातो, असं एका जर्मन अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे उपाशीतापाशी स्कॅनला आलेल्या आजोबांचा मेंदू वर्षभराची झीज झाल्यासारखा दिसू शकतो.

त्यात आणखी एक पेच आहे, तो आपला आहे. तुमच्या मेंदूतला स्मृतीचा भाग वयाच्या मानाने लहान आहे, असं सॉफ्टवेअर सांगतं, तेव्हा ते कुणाच्या तरी नॉर्मलशी तुलना करत असतं. जगभर वापरला जाणारा मेंदूचा नमुना कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये पाश्चात्त्य लोकांच्या स्कॅनवरून तयार झाला. हैदराबादच्या ट्रिपलआयटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये १०० निरोगी भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा बनवला, तेव्हा आपला मेंदू सरासरीने लांबी-रुंदी-उंचीत लहान भरला. यात कमीपणा काहीच नाही, हा केवळ शरीराच्या ठेवणीचा फरक. पण परक्या पट्टीने मोजलं, तर आपल्या धडधाकट आजीच्या रिपोर्टावर 'मेंदू आकसलाय' असा शिक्का बसू शकतो. १०० माणसं ही सुरुवात झाली. वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या प्रांतांची हजारो भारतीय माणसं या पट्टीत यायला हवीत, आणि त्यावर सरकारी पैसा खर्च व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. तोवर आपल्याकडे अशा सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून स्मृतिभ्रंशाचं निदान करू नये. माणसाशी बोलून, त्याची स्मरणशक्ती तपासून, चित्र डोळ्यांनी पाहून मग आकड्याची साथ घ्यावी.

पेशंटच्या हातात काय आहे? पहिल्यांदाच त्रास सुरू झालाय आणि काय झालंय तेच माहीत नाही, तर तुम्हाला चांगला वाचणारा माणूस हवा. त्याला त्रासाची पूर्ण हकिकत सांगा, कधीपासून, कुठे, कोणत्या बाजूला, आणि आधीची ऑपरेशनं कोणती. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' लिहिलेलं असेल तर वाचणाऱ्याला कुठे नजर खिळवायची ते कळत नाही. निदान झालंय आणि आता औषधाचा परिणाम पाहायचा आहे, तर आकडा मागा. आणि तो शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने काढून घ्या, नाहीतर आजारातला फरक आणि यंत्रातला फरक वेगळे करता येणार नाहीत. जुने स्कॅन फिल्मवर न ठेवता सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ फाइलींसकट ठेवा. फिल्मवर फार तर चित्र पुन्हा पाहता येतं, मोजता येत नाही.

आणि थॅलेसेमियाच्या मुलांच्या आई-वडिलांसाठी वेगळं सांगतो. मूल साधारण आठ-दहा वर्षांचं झालं आणि न झोपवता स्कॅनमध्ये शांत पडू लागलं, की हृदयाच्या टी-टू-स्टारबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. शहरात एमआरआय केंद्रं पुष्कळ असतात, पण प्रत्येक केंद्रात ही मोजणी होत नाही. अपॉइंटमेंट घेण्याआधी फोनवरच विचारून घ्या: हृदयाचा टी-टू-स्टार करता का, यंत्र १.५ टेस्लाचं आहे का, यकृतातलं लोहही त्याच वेळी मोजून मिळेल का, आणि रिपोर्टात मिलिसेकंदांचा आकडा लिहून देता का. 'लोह वाढलेलं दिसतं' एवढंच लिहून देणार असतील, तर दुसरं केंद्र शोधा.